१३ एचपीचा हँडलवाला स्टंप ग्राइंडर: दोन सीझन रगडल्यावरचा रिव्ह्यू (आणि रेटमध्ये मी कुठे माती खाल्ली)

दोन सीझन झाले हे मशीन वापरून, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही, कारण घेतल्यावर चार दिवसांत पाच स्टार देणाऱ्यांचं मला काही कळत नाही, तेव्हा दात पण नवे असतात आणि आपल्या अंगातला जोर पण नवा असतो.

स्टंप ग्राइंडर म्हणजे झाड तोडल्यावर जमिनीत उरलेला बुडखा खरवडून त्याचा भुसा करणारं मशीन, आणि माझं म्हणजे त्यातला सगळ्यात छोटा प्रकार. दोन चाकं, लांब हँडल, पुढे दातांची चकती, वर पेट्रोल इंजिन, बस. हायड्रॉलिक काही नाही, स्वतःहून चालत पण नाही, ढकलत न्यायचं. वजन शंभर किलोच्या वर आहे पण फळ्या लावून दोघांत पिकअपमध्ये चढतं आणि अरुंद फाटकातून मागच्या अंगणात आरामात जातं. मी घेतलं ते याच कारणासाठी. झाडं तोडायचं काम आधीपासून होतंच, झाड पाडून आवराआवर झाली की गिऱ्हाईक हमखास विचारणार, आणि हा बुडखा? आणि मी दुसऱ्या कोणाचा तरी नंबर देऊन चालता व्हायचो, म्हणजे पैसे हातात येऊन दुसऱ्याच्या खिशात घातल्यासारखंच. कंपनीचं नाव लिहीत नाही, या साइजची मशीनं थोड्याफार फरकाने एकसारखीच असतात.

इंजिन होंडाचं जीएक्स ३९०, ३८९ सीसी. तक्रार शून्य. फक्त एक, सगळे याला १३ एचपी म्हणतात, मशीनवरच्या स्टिकरवर पण तेच आहे, पण होंडाचा स्वतःचा नेट आकडा ११.७ एचपी आहे ३६०० आरपीएमला. फसवणूक वगैरे नाही, मोजायची पद्धत वेगळी (१३ हा ग्रॉस, ११.७ हा नेट), पण दोन मशीनं शेजारी ठेवून तुलना करताना एकाचा ग्रॉस आणि दुसऱ्याचा नेट धरलात तर हिशोब चुकलाच समजा. अजून एक गंमत, ऑइल कमी झालं की हे इंजिन स्वतःला बंद करतं. हे मला माहीत होतं, पण उतारावर मशीन वाकडं ठेवलं की ऑइल एका बाजूला जाऊन सेन्सरला तसंच वाटतं हे डोक्यातच आलं नाही. एकदा उतारावर ते चालूच होईना, प्लग बदलला, पेट्रोल बदललं, कार्बोरेटर उघडून बसलो, मेव्हणा बाजूला उभा राहून म्हणतोय अरे सपाटीवर आणून तर बघ. आणलं सपाटीवर, पहिल्या झटक्यात चालू. त्यानंतर आठवडाभर चहाला बसलो की हाच विषय.

आता कापतं कसं. चकती गाडीच्या चाकासारखी उभी फिरते, बुडख्याच्या कडेवर टेकवायची आणि हँडल डावीकडून उजवीकडे झुलवायचं, एकेका थराने खाली खाली जायचं. मोठ्या मशीनमध्ये हे झुलवणं हायड्रॉलिक सिलिंडर करतो, आपण लिव्हर धरून उभं राहायचं, इथे ते तुमची कंबर करते. १०-१२ इंचाचे बुडखे दिवसात पाच-सहा केले तर ठीक, जमून जातं, पण २४ च्या वरचा एक आला की संध्याकाळी बोटं मुंग्या आल्यासारखी बधिर. ही व्हायब्रेशनची गोष्ट हसण्यावारी नेऊ नका, वर्षानुवर्षं असं काम केलेल्यांची बोटं पांढरी पडतात आणि ते नंतर बरं होतंच असं नाही. मी आता अर्धा तास झाला की इंजिन बंद करतो, मग गिऱ्हाईक खिडकीतून बघत असलं तरी बघू दे.

खरा खर्च दातांचा. मशीन घेताना हे कोणी सांगत नाही. टोकाला टंगस्टन कार्बाइड असतं, लाकडाला ते महिनोन्महिने पुरेल, पण दात लाकडाने जात नाहीत हो, मातीने आणि दगडाने जातात. मुळांच्या बेचक्यात दगड अडकलेले असतात, कधी जुनी तार, कधी खिळा, एका बुडख्यात तर कुंपणाची अख्खी साखळी झाडाने गिळलेली निघाली, दोन दात जागेवर फुटले. म्हणून आता आधी दहा मिनिटं फावडं आणि पहार घेऊन भोवतीची माती आणि दगड साफ करतो, ही दहा मिनिटं जो वाचवतो तो दातात भरतो. दात बोथट झाला हे ओळखायचं सोपं, ढलप्या उडत असतील तर ठीक, पीठ पडायला लागलं की समजा गेला. आणि धार लावायला साधा करडा ग्राइंडिंग दगड चालत नाही, कार्बाइडला हिरवा सिलिकॉन कार्बाइडवाला नाहीतर डायमंड लागतो, मी पहिल्यांदा साध्यावर लावायला गेलो तर दात तसाच आणि दगडालाच खाच पडली. गोल डोक्याचे दात येतात तेही बघा, एक बाजू गेली की बोल्ट ढिला करून फिरवायचे आणि नवी बाजू पुढे आणायची, महाग आहेत पण माझ्या मते परवडतात. बोल्ट मात्र टॉर्क रेंचनेच (नेमका किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळा, अंदाजाने नको, सुटलेला दात बंदुकीच्या गोळीसारखा जातो.

आता रेट. इथे मी पूर्ण पहिला सीझन शेण खाल्लं.

या धंद्यात भाव इंचावर सांगायची पद्धत आहे, बुडख्याचा व्यास मोजायचा आणि गुणिले इंचाचा रेट. बाकीचे तसंच करतात म्हणून मी पण केलं, उलट मशीन छोटं म्हणून रेट थोडा कमीच लावला. काम भरपूर आलं, डायरी फुल्ल, आणि सीझन संपल्यावर बघतो तर हातात काहीच नाही. मग रात्री बसून वहीतले टायमिंग काढले. माझ्या मशीनवर १२ इंचाचा बुडखा साधारण २० मिनिटांत होतो. ३० इंचाचा दोन तासांच्या वर. आधी वाटलं आपणच हळू आहोत, पण शाळेतलं गणित आहे हे, व्यास अडीच पट झाला की क्षेत्रफळ सव्वासहा पट होतं, ११३ चौरस इंच कुठे आणि ७०७ कुठे. मशीन क्षेत्रफळ खातं आणि मी बिल व्यासाचं करत होतो. उतरवणं, मांडणं, परत चढवणं याची २० मिनिटं दोन्हीकडे धरली तरी ४० मिनिटं विरुद्ध १४५ मिनिटं, म्हणजे वेळ साडेतीन पटीच्या वर आणि बिल अडीच पट. जितका मोठा बुडखा तितका मी गिऱ्हाइकाला जास्त डिस्काउंट देत होतो आणि वर मोठं काम मिळालं म्हणून खूष पण होत होतो!

मग भाड्याने मोठं मशीन आणलं, २५ एचपीच्या पुढचं, स्वतः चालणारं, आणि मुद्दाम घड्याळ लावून बघितलं. १२ इंची चार मिनिटांत उडाला. ३० इंची पंचवीस मिनिटांत. तीच २० मिनिटं मांडामांडीची मिळवा, २४ आणि ४५, म्हणजे वेळ दुप्पटसुद्धा नाही आणि बिल मात्र अडीच पट. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की इंचाचा रेट हा मोठ्या मशीनवाल्याला शोभतो, त्याला मोठा बुडखा म्हणजे दिवाळी, आणि छोट्या मशीनवाल्याने तोच रेट उचलला तर मोठा बुडखा म्हणजे फुकटची हमाली. रेट दुसऱ्याचा आणि मशीन आपलं, असं चालत नाही.

आता माझं असं आहे. १५ इंचापर्यंत एकच ठरलेला रेट, तोच मिनिमम चार्ज, सहा इंचाचा असला तरी तोच, कारण गाडी काढून जायला यायला लागायचं ते लागतंच. १५ ते २४ मधल्यांना इंचावर भाव. २४ च्या वर छोट्या मशीनने घेतच नाही, भाड्याचं मशीन आणतो आणि तसली चार-पाच कामं एकाच दिवसात लावतो, भाडं सगळ्यांत वाटलं जातं. त्याच ठिकाणी दुसरा तिसरा बुडखा असेल तर त्याला सूट देतो, ती परवडते कारण मांडामांडी एकदाच होते.

मोजायचं कुठे यावरून पण वाद होतात. गिऱ्हाईक वरचा कापलेला भाग मोजून सांगतं २० इंच. जाऊन बघावं तर जमिनीलगत मुळं फाकलेली, तिथे ३०. आता फोनवर सरळ सांगतो, जमिनीला टेकून जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे टेप धरा आणि टेपसकट फोटो पाठवा, फाटकाचा फोटो पण वेगळा, आणि भिंत, कुंपण, पाइप जवळ असेल तर तोही. फोटोवरून दिलेला भाव अंदाजे, जाग्यावर बघून फायनल, हे आधीच लिहून टाकतो. वरवर पसरलेली मुळं काढायची असतील तर त्याचे वेगळे, नाहीतर लोक म्हणतात हे पण घ्या ना त्यातच.

खोली पण आधी बोलून घ्या. लॉन लावायचं असेल तर ६ ते ८ इंच खाली गेलं तरी पुरतं, तिथेच परत झाड लावायचं म्हणाले तर १२ किंवा जास्त, आणि त्याचे जास्त पैसे, जरी मी त्यांना झाड थोडं बाजूला सरकवाच म्हणतो. आणि तो भुसा! पहिल्यांदा करणाऱ्याला कल्पनाच नसते किती निघतो, मोकळा होऊन आणि माती मिसळून ढीग असा फुगतो की बुडखा होता त्यापेक्षा मोठा दिसतो. माझ्या भावात खड्ड्यात परत ओढून वर उंचवटा करून देणं आहे, उचलून नेणं नाही. ते एक गिऱ्हाईक अजून आठवतं, त्याने त्यावर थेट गवत लावलं, ते पिवळं पडलं आणि मला फोन. कच्चा लाकडाचा भुसा कुजताना मातीतला नायट्रोजन ओढून घेतो, म्हणून भुसा काढून चांगली माती भरल्याशिवाय गवत धरत नाही, हे आता बिलावरच लिहितो.

लाकडाचा फरक पडतो पण लोक समजतात तितका नाही. मऊ पाइन पटकन जातं, ओकसारखं कठीण वाळलेलं वेळ घेतं, पाम मात्र वेगळाच वैताग, काथ्यासारखे धागे चकतीभोवती गुंडाळले जातात आणि दर थोड्या वेळाने बंद करून सुरीने कापत बसा.

तासाचा खर्च काढायचा असेल तर अवर मीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा) लावा, छोटी वस्तू आहे पण डोळे उघडते. मशीनची किंमत वजा विकताना काय येईल ते, भागिले तास, त्यात दात, बेल्ट, पेट्रोल, ऑइल (पहिलं २० तासांना, मग दर १०० तासांना, धुळीत त्याच्याही आधी) आणि एअर फिल्टर, जो या कामात भुशाने बघता बघता भरतो. बेल्ट नवा असताना पहिल्या काही तासांत ताणला जातो, परत आवळायचा विसरलात तर घसरून जळतो, मला वासावरून कळलं.

मशीनच्या खऱ्या तक्रारी दोन. पार्किंग ब्रेक नावालाच आहे, काम करताना मशीन मागे सरकतं, मी चाकामागे लाकडी ठोकळे ठेवतो. आणि बेल्टचं कव्हर चार बोल्टचं, त्यातला एक इंजिनच्या मागे असा बसवलाय की ज्याने डिझाइन केलं त्याने आयुष्यात पाना धरलेला नसावा. विकणाऱ्याकडे स्पेअर बेल्ट मागितला तर तीन आठवडे आज देतो उद्या देतो, शेवटी बेल्टवरचा नंबर वाचून बाहेरून घेतला, आता दोन कायम गाडीत असतात.

सेफ्टीचं थोडक्यात. हँडलचा लिव्हर सोडला तरी चकती लगेच थांबत नाही, फिरत राहते, पूर्ण थांबल्याशिवाय हात पाय तिकडे नको. चष्मा, कानाला मफ, जाड बूट. काचेच्या खिडकीकडे प्लायवूडची शीट उभी करतो. आणि खाली केबल, गॅस, पाण्याच्या लाइन आहेत का ते आधी खुणा करून घ्या, सरकारी लाइन दाखवणारे बागेतल्या दिव्याची वायर दाखवत नाहीत, ती मालकालाच विचारावी लागते, आणि मालकालाही आठवत नसतं.

घ्यायचं का? झाडं तोडायचं काम आधीपासून असेल आणि हे जोडीला हवं असेल तर घ्या. फक्त बुडख्यांवरच धंदा उभा करायचा असेल तर मी म्हणेन आधी मोठं मशीन भाड्याने चालवून बघा आणि मग सेकंडहँड शोधा. व्हर्मीर ही अमेरिकन कंपनी १९५७ पासून स्टंप कटर (म्हणजे हीच मशीनं) बनवतेय, जुनी मशीनं फिरत असतातच, बघताना चकती हाताने हलवून बेअरिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे का बघा, दात बसायच्या जागेला तडे आहेत का, हायड्रॉलिकचे होज (रबरी पाइप) गळतात का, आणि मीटरवर तास कमी पण हँडलचं रबर झिजून गुळगुळीत असेल तर रबरावर विश्वास ठेवा. २५ एचपीची बरीचशी ३६ इंचाच्या फाटकातून जातात, काहींची बाहेरची जोडचाकं काढावी लागतात, ते विकणाऱ्यासमोर टेपने मोजूनच घ्या. ट्रॅक्टरला किंवा स्किड स्टीअरला (छोटं लोडर मशीन) लावायची अटॅचमेंट पण मिळते, पण ती गाडी आधीच दारात असेल तरच.

पाचपैकी साडेतीन. एक कापला ब्रेकसाठी, अर्धा त्या चौथ्या बोल्टसाठी.