स्केलर एनर्जी पेंडंट: ऊर्जा निघते, पण कोणती?

साधारण चार सेंटिमीटर व्यासाची काळपट चकती, दोरी आणि सोबत एक कार्ड. लाव्हारसातल्या खनिजांमुळे शरीराचं ‘बायोफील्ड’ (शरीराभोवतीचं कथित ऊर्जाक्षेत्र) संतुलित राहतं, थकवा जातो, मोबाइलच्या लहरी अडतात, असे दावे. यातल्या काही चकत्या नुसत्या सिरॅमिकच्या असतात. त्या निरुपयोगी, पण निरुपद्रवी. काळजी आहे ती बाकीच्यांची.

विकताना हाताचा प्रयोग हमखास करतात. हात आडवा धरायला लावून वरून दाबतात, तोल जातो. पेंडंट दिल्यावर पुन्हा दाबतात, तोल सांभाळतो. पहिल्या खेपेला दाब मनगटाशी आणि जरा बाहेरच्या बाजूला पडतो, दुसऱ्या खेपेला कोपराजवळ, किंचित आत. शिवाय तोवर आपलं अंग सावध झालेलं असतं. पेंडंट आणि तेवढ्याच वजनाचा खडा सारख्या पाकिटांत बंद करा, कशात काय आहे हे दाबणाऱ्यालाही कळू देऊ नका आणि वीसेक फेऱ्या घ्या. फरक उरत नाही.

आयन मीटरचा, म्हणजे हवेतले विद्युतभारित कण (आयन) मोजणाऱ्या यंत्राचा, प्रयोग मात्र नीट बघा. चकतीजवळ नेताच आकडा हजारांत चढतो आणि ‘ऋण आयन, म्हणजेच प्राणशक्ती’ असं सांगतात. हवेच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उखडायला ऊर्जा लागते. या चकतीत ना सेल, ना वीज. मग ती येते कुठून? मिसळलेल्या थोरियम-युरेनियम या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या विघटनातून. मीटर खरं तेच दाखवतो. विक्रेता ज्याला पुरावा म्हणतो, तो किरणोत्साराचा पुरावा आहे. थोरियम-२३२चा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे १,४०० कोटी वर्षं, त्यामुळे ‘ऊर्जा कधीच संपत नाही’ हा दावाही या अर्थाने खरा ठरतो! नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये अशी दहा उत्पादनं किरणोत्सारी असल्याचं जाहीर करून त्यांची विक्री थांबवायला लावली. मोजलेली मात्रा कमी होती, पण रात्रंदिवस त्वचेला टेकून वापरणं घातक ठरू शकतं.

तपासायला अभ्रकाची खिडकी असलेला गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) घ्या. जाड प्लॅस्टिकआड नळी असलेल्या स्वस्त मीटरला अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारातले सहज अडणारे कण, दिसतच नाहीत. आधी दहा मिनिटं खोलीतला नेहमीचा आकडा घ्या, मग चकती खिडकीशी धरा. मध्ये कागद सरकवला की अल्फा अडतात, त्याहून भेदक बीटा कण येतच राहतात.

लहान मुलांच्या गळ्यात हे घालणं ताबडतोब थांबवा. चकती फोडू किंवा घासू नका, धूळ श्वासातून आत जाते. झाकणाच्या डब्यात, बिछान्यापासून लांब ठेवा आणि विल्हेवाटीसाठी किरणोत्सार नियमन करणाऱ्या सरकारी यंत्रणेला विचारा.