चढाई अडलेल्या संघासाठी परभणीकडचं उन्हाळी कबड्डी शिबिर

या शिबिरात एकट्यादुकट्या खेळाडूला घेत नाहीत. संघाने दोन चढाईपटूंची जोडीच पाठवायची, ही अट आहे आणि शिबिराचं खरं मोलही तिच्यातच आहे. मे महिन्यात आठ दिवस, सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी उन्हं उतरल्यावर दीड तास. ऊसतोडीची पोरं तोवर गावाकडे परतलेली असतात, म्हणून तारखा आपल्याकडच्या संघांना जमतात.

पहिल्या दिवशी सराव सामना घेतात आणि वहीत प्रत्येक चढाई टिपतात: कोण गेलं, कोणत्या बाजूने, हात लावला की पाय, बोनस रेषेचा गुण आणला की चढाई रिकामी, म्हणजे बिनगुणाची गेली, बाद झाला तर कितव्या सेकंदाला. हरणाऱ्या संघांच्या वहीत बहुतेक एकच दुखणं निघतं. दोघेही उजव्या हाताचे, दोघांचाही डोळा त्याच कोपऱ्यावर. वर भरवशाचा गडी सलग चढाया करतो आणि दुसरा तो बाद झाल्यावरच उठतो, अंग गार पडलेलं असताना. समोरच्या कोपरारक्षकाला अंदाज बांधायला फार वेळ लागत नाही.

यावर इलाज म्हणजे कामाची वाटणी. समोर सहा किंवा सात गडी असतील तर बोनसवाला जातो. एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच क्षणी मागचा पाय हवेत, हे इथे अक्षरशः घोटून घेतात. गावाकडच्या पोरांचा मागचा पाय घासत राहतो आणि पंच गुण देत नाहीत. पाच किंवा कमी उरले की बोनस मिळत नाही, तिथे गडी टिपणारा जातो. तीन किंवा कमी उरले तर पकड झाल्यास समोरच्यांना एक गुण जादा, म्हणून दमलेल्या माणसाला पाठवायचं नाही. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ती कोण करणार हे पहिल्या रिकाम्या चढाईनंतरच ठरवायचं आणि बाकावरून मोठ्याने मोजायचं. साधी गोष्ट आहे, पण अर्धे संघ मोजतच नाहीत. रिकामी चढाई करतानाही ‘निदान रेषा’, म्हणजे समोरच्या अंगणातली मध्यरेषेनंतरची पहिली रेषा, ओलांडावी लागते, हेही काहींना इथेच कळतं!

२०२३-२४ च्या प्रो कबड्डीत किताब जिंकणाऱ्या पुणेरी पलटणचं उदाहरण देतात. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, असे तिघे चढाया करायचे. सगळा भार एकट्यावर नव्हता.

सुटण्याचा सराव उत्तम. घोटा पकडला गेला की पोरं पाय मागे ओढत बसतात आणि तेवढ्यात साखळी, म्हणजे हात धरून उभे असलेले बचावपटू, येऊन आदळते. इथे अंग मध्यरेषेकडे झोकून हात लांबवायला शिकवतात. दम न तुटता बोट रेषेला लागलं तरी पुरे. गड्याला स्पर्श झाल्याशिवाय राखीव पट्ट्यात, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांत, पाऊल गेलं तर बाद, हेही रोज तपासतात.

आता उणिवा. मॅटचे तुकडे कडेला उचललेले आहेत, बोटं अडकतात. शेवटचा एक दिवस सोडला तर सगळा सराव बूट घालून मॅटवर; आपल्या जत्रेतल्या स्पर्धा अनवाणी, काळ्या मातीवर. मॅटवर जमलेलं वळण मातीत घसरतं, त्यामुळे घरी आल्यावर निदान आठवडाभर मातीत घोटावं लागेल. मोठी चूक मुलींच्या बाबतीत. त्यांचं मैदान १२ बाय ८ मीटर आणि निदान रेषा ३ मीटरवर, पण इथे पुरुषांच्याच १३ बाय १० च्या आखणीवर, म्हणजे ३.७५ मीटरच्या रेषेवर पळवतात. पावलांचा हिशेबच चुकतो. मुलींचा संघ पाठवणाऱ्यांनी वेगळी आखणी मागून घ्यावी. चिकट पट्टीने दहा मिनिटांत होते.

पकडीवर जवळजवळ काही नाही. दोघे एकदम बाद झाले तर तिसरा कोण, याचंही उत्तर मिळत नाही.

जेवण भाकरी, पिठलं, ठेचा, रात्री उसळ, पोटभर. झोपायला शाळेचा हॉल, पंखे दोनच.

संघातले दोन्ही चढाईपटू बोनसवरच जगणारे असतील तर पैसे भरण्याआधी जोडी बदला. हात किंवा पाय लावून गडी टिपणारा एक, मग तो नवखा असला तरी चालेल, आणि बोनसवाला एक.