फुकटचं बॅकअप सॉफ्टवेअर: महालातल्या एका डीटीपीवालीचं मत

नागपूरच्या महाल भागात घरीच डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तूची आमंत्रणं, तेरवीची कार्डं, शाळांचे पेपर. माझ्या सगळ्या फायली एका पेनड्राइव्हवर मावतात, त्यांची मला काळजी नाही. काळजी आहे ती अख्ख्या कॉम्प्युटरची. कोरलड्रॉची जुनी आवृत्ती, श्रीलिपीचे फॉन्ट, प्रिंटरची सेटिंगं, हे सगळं वर्षानुवर्षं बसत गेलेलं आहे. विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की फाइल उघडते, पण फॉन्ट नसल्यामुळे ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस यांचा नुसता काला दिसतो. आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं, ‘ताई, मागच्या वर्षी मोठ्या पोरीची केली होती तीच काढा, फक्त नावं बदला.’

फॉन्टचं फोल्डर वेगळं कॉपी करून ठेवा, असं सांगणारे भेटतात. पण विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर नुसतं इन्स्टॉल दाबलं की तो विंडोजच्या फॉन्ट फोल्डरात जात नाही, आपल्या यूजरच्या लपलेल्या अ‍ॅपडेटा फोल्डरात जाऊन बसतो. म्हणजे अर्धे इथे, अर्धे तिथे. त्यापेक्षा पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, फॉन्ट सगळ्यासकट जशीच्या तशी प्रत घेतलेली बरी.

विंडोजमध्ये दिलेलं आधी पाहून झालं. फाइल हिस्टरी चांगली आहे, पण ती लायब्ररीतली आणि डेस्कटॉपवरची फोल्डरं घेते. डी ड्राइव्हवरचं काम आपण लायब्ररीत घातलं नाही तर तिला त्याचा पत्ताच नसतो, आणि प्रोग्रॅम तर ती घेतच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘विंडोज ७’ असं नाव लागलेलं जुनं बॅकअप अजून सापडतं, इमेजही काढतं. मात्र मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून त्या इमेजच्या सोयीवरचं लक्ष काढून घेतलंय, दुसरं काहीतरी वापरा असं तेच सांगतात. मग त्याच्या भरवशावर कोण राहील?

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, बाहेरची हार्डडिस्क घ्यायला गेले तर दुकानातला पोरगा म्हणे, ‘ताई, काहून एवढं डोकं लावता, मी पेडवाल्याचं क्रॅक टाकून देतो.’ नको रे बापा. जे सॉफ्टवेअर माझी पूर्ण डिस्क वाचणार, तेच चोरीचं घ्यायचं?

जुन्या सल्ल्यांत सगळीकडे मॅक्रियम रिफ्लेक्टच्या फुकट आवृत्तीचं नाव सापडेल. ती आवृत्ती बंद झाली, २०२४ लागल्यापासून तिला सुरक्षेचे अपडेटही नाहीत. आओमेई बॅकअपरची फुकट आवृत्ती इमेज काढून देते, पण विंडोज असलेली डिस्क नव्या एसएसडीवर क्लोन करायची, म्हणजे थेट जशीच्या तशी उतरवायची म्हटली की पैसे. नुसतं क्लोनच करायचं असेल तर हॅस्लिओ बॅकअप सूट बघा, त्यात ते फुकटात आहे. रेस्क्यूझिला पेनड्राइव्हवरून चालतं, मुक्त स्रोत आहे, पण इमेज निघेपर्यंत कॉम्प्युटर अडकून पडतो आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं. लग्नसराईत मला ते परवडत नाही.

मी ठेवलंय वीम एजंटची फुकट आवृत्ती. पहिल्यांदा पूर्ण इमेज, पुढे फक्त बदललेलं तेवढं. मला ते आवडलं एका खिडकीमुळे. बॅकअप कधी घ्यायचा, हे विचारणाऱ्या पानावर वेळेशिवाय आणखी खुणा आहेत: कॉम्प्युटर लॉक केल्यावर, लॉग ऑफ केल्यावर, किंवा बॅकअपची डिस्क जोडल्यावर. त्याखाली आणखी एक, काम झाल्यावर डिस्क आपोआप इजेक्ट कर. मी शेवटच्या दोन्हींवर टिचकी मारली. आता डिस्क लावली की बॅकअप सुरू, झाला की डिस्क विंडोजमधून गायब. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं तर जोडलेल्या बॅकअपच्या डिस्कवरही हात मारतं, म्हणून हे मोलाचं. वायर मात्र आपल्यालाच काढायची, आणि मी काढतेच. मे महिन्यात कूलरची ओली हवा आणि वरून लाइट जाणं-येणं, अशात डिस्क कपाटात असलेली बरी.

कमतरता सांगते. फुकटात एकच जॉब, म्हणजे कशाचा बॅकअप कुठे घ्यायचा ते ठरवलेलं एकच काम, बनवता येतो. पूर्ण इमेज एका डिस्कवर आणि चालू कामाचं फोल्डर दुसरीकडे, असे दोन जॉब लावता येत नाहीत. चालू फोल्डर मी गूगल ड्राइव्हच्या १५ जीबीत वेगळं ठेवते. स्क्रीन सगळी इंग्रजीत आणि भाषा जरा ऑफिसातल्या आयटीवाल्यांची. रिटेन्शन (जुने बॅकअप किती ठेवायचे), बेअर मेटल (कोऱ्या कॉम्प्युटरवर सगळं परत टाकणं) असले शब्द. घाबरून परत जाऊ नका, अडतं ते पहिल्याच वेळी.

टाकल्यावर लगेच त्यातूनच रिकव्हरीचा पेनड्राइव्ह बनवा. तो आपल्याच कॉम्प्युटरवर बनवला की आपले ड्रायव्हर सोबत घेतो. नंतर तो लावून एकदा कॉम्प्युटर सुरू करून बघा. माझ्याकडे निळ्या यूएसबी पोर्टात लावलेली बॅकअपची डिस्क त्या स्क्रीनवर दिसली, तारखांसकट यादी आली, तिथूनच कॅन्सल करून बाहेर पडले. बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजमधली सोय, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, ती कॉम्प्युटरच्याच डेस्कटॉपवर ठेवणारे महाभाग मी पाहिलेत.

धंद्यासाठी घेत असाल तर लायसन वाचा. काही फुकट आवृत्त्या फक्त घरच्या वापरापुरत्या असतात. आणि कॉम्प्युटरवर तुमचे फक्त फोटो आणि दोन-चार एक्सेल असतील तर एवढा खटाटोप करूच नका, फाइल हिस्टरी आणि बर्डीवरची साधी हार्डडिस्क पुरते.