उद्याच्या मराठवाड्यासाठी कोणता अतिवाहक: नायोबियम-टायटॅनियम की वायबीसीओ?

अतिवाहक म्हणजे पुरेसा थंड केला की विजेला शून्य रोध करणारा पदार्थ. हा गुण पाऱ्यात 1911 साली पहिल्यांदा दिसला. पुढे नायोबियम-टायटॅनियम आलं, आणि आज लातूर-संभाजीनगरला एमआरआय काढताना आपण बहुधा त्याच्याच तारेच्या वेटोळ्यात झोपतो. हा मिश्रधातू लवचिक, तार सहज ओढता येते, पण त्याला उणे 269 अंशांचा द्रव हेलियम लागतो. हेलियम महाग आणि बाहेरून आणावा लागणारा. दवाखान्यातल्या एका यंत्राला ते परवडतं, गावोगावच्या वीजवाहिनीला नाही.

वायबीसीओ म्हणजे यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन. 1987 साली सापडलेल्या या पदार्थाचं काम उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनवर भागतं. हा नायट्रोजन आपल्या ओळखीचा आहे: जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ठेवतात ना, त्या वाफाळणाऱ्या कॅनमधला. हवेतूनच काढतात, त्यामुळे स्वस्त. अडचण एकच, पण मोठी: पदार्थ ठिसूळ. म्हणून धातूच्या पट्टीवर त्याचा पातळ थर चढवावा लागतो, आणि तिथेच खर्च वाढतो.

तरी माझं मत वायबीसीओकडेच. जर्मनीत एसेन शहरात 2014 पासून द्रव नायट्रोजनवरच चालणाऱ्या, पण वायबीसीओऐवजी त्याच्या बिस्मथवाल्या भावंडाच्या पट्ट्यांची एक किलोमीटर केबल 10 किलोव्होल्टवर चालली. साध्या केबलने तेवढीच वीज न्यायला 110 किलोव्होल्ट लागले असते. म्हणजे उपकेंद्रं लहान, जागा कमी. सौर प्रकल्पाची वीज दिवसा शेतपंपांपर्यंत नेताना वाटेत होणारी गळती यानं कमी होऊ शकेल. कॅन भरणाऱ्या टँकरला तर आपले रस्ते आधीच पाठ आहेत.