नाशिकची 'वाईन टूर' बुक करताय? पैसे पाठवण्याआधी हे वाचा

ऑगस्टच्या अखेरीस नाशिकच्या वाईन टूरच्या नावाखाली एका एजंटाने आम्हाला व्यवस्थित लुटलं. तक्रार दिलेली आहे, म्हणून त्याचं नाव इथे लिहीत नाही. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळायला हवी, कारण याच पद्धतीने पुण्या-मुंबईचे आणखी बरेच लोक फसणार आहेत.

जाहिरात व्हॉट्सॲपवर आली. 'सरकारमान्य वाईन टूर, चार वायनरी, अनलिमिटेड टेस्टिंग, ग्रेप स्टॉम्पिंग (म्हणजे द्राक्षं पायांनी तुडवणं), विंचूर वाईन पार्कला भेट.' माणशी 3,800 रुपये, निम्मे आगाऊ, यूपीआयवर. शिवाय 'दारू परवाना फी' माणशी 300. माणूस फोनवर अतिशय गोड. बायकोशी बोलताना प्रत्येक वाक्यात 'ताई', माझ्याशी 'साहेब'. विंचूरचा वाईन पार्क खरा आहे. राज्य सरकारने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, त्यातून विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क उभे राहिले. अशी खरी नावं मध्ये पेरली की बाकीचंही खरं वाटतं. परवान्याचंही तसंच. महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना लागतो हे खरं, पण एक दिवसाच्या परवान्याची सरकारी फी वर्षानुवर्षे 5 रुपये आहे. तीनशे घेऊन आमच्या हातात परवान्याचा चिटोराही पडला नाही.

सकाळी गाडी आली ती दिंडोरीच्या बाजूला वळली. या भागात नावाजलेल्या वायनरी आहेत, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेने एका पत्र्याच्या शेडसमोर थांबलो. दारावर नवाकोरा फ्लेक्स, त्यावर इंग्रजी नाव. आत निळे प्लॅस्टिकचे ड्रम, एक टेबल, कागदी कप. 'टेस्टिंग' म्हणून लाल रंगाचं गोड पाणी ओतलं. वरून साखर, खाली लवंगेचा वास आणि घशात नुसती जळजळ. पांढरी म्हणून दिली तिला सरळ व्हिनेगरचा दर्प होता.

स्टॉम्पिंगचं विचारलं तर एजंट म्हणाला, "पावसामुळे आज रद्द, ताई." ही थाप मला सगळ्यात जास्त लागली, कारण शेडच्या मागे बाग होती आणि बागेत एक वयस्कर शेतकरी फवारणीचा पंप धूत बसले होते. त्यांना विचारलं, द्राक्षं कुठे आहेत? ते म्हणाले, "दादा, आता कुठले मणी? गोडी छाटणी व्हायचीय अजून. तुम्ही माघात या. आणि ही खायची द्राक्षं आहेत, वाईनची नाहीत." शेड त्यांनी भाड्याने दिली होती, आत काय चालतं ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं.

नाशिककडच्या बागांची दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तिच्यानंतर काडी तयार होते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि घड येतात ते तिच्यानंतर. वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात वेलीवर फक्त पानं असतात. म्हणजे ऑगस्टमध्ये 'बागेतल्या ताज्या द्राक्षांचं स्टॉम्पिंग' विकणारा माणूस, पाऊस पडो न पडो, खोटंच बोलत असतो. चार वायनरींपैकी दुसरी 'आज बंद' निघाली, तिसरीच्या फाटकाबाहेर फोटो काढायला लावले, चौथीचं नावच निघालं नाही. विंचूर तर राहिलंच.

निघताना त्याने बाटल्या काढल्या. 'साहेब, ही दुकानात मिळत नाही. 2009 ची शेनिन ब्लां, रिझर्व्ह. तुमच्यासाठी 4,500.' आमच्या मेव्हण्यांनी दोन घेतल्या. घरी उजेडात धरून पाहिल्या. लेबलाचा एक कोपरा सुटला होता, खाली जुन्या लेबलाचा डिंक तसाच. ओलं बोट फिरवलं तर शाई पसरली, म्हणजे घरच्या प्रिंटरची छपाई. मागच्या बाजूला '100% नॅचरल' एवढंच. अल्कोहोलचं प्रमाण नाही, बॅच नंबर नाही, एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी परवाना क्रमांक नाही, उत्पादकाचा पत्ता नाही, एमआरपी नाही, आरोग्याचा इशाराही नाही. हे सगळं नसलेली बाटली कुठल्याही परवानाधारक वायनरीतून बाहेर पडत नाही. आणि इथली शेनिन ही पांढरी, ताजी असताना पिण्याची वाईन आहे. तिचा फळांचा वास वर्ष-दोन वर्षांत उतरू लागतो. पंधराएक वर्षं जुनी शेनिन जादा पैसे देऊन घेण्यात काहीच अर्थ नाही, लेबल खरं असतं तरीही. बाटलीत नक्की काय आहे हे माहीत नसताना ते पिणं तर जिवाशी खेळ आहे. आम्ही एक थेंबही घेतला नाही, दोन्ही बाटल्या पुरावा म्हणून ठेवल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीत आम्ही स्वतःच गेलो. खिडकीवर दरपत्रक लावलेलं, काही शे रुपयांत टूर आणि टेस्टिंग, हातात पावती. आत उंच स्टीलच्या टाक्या, त्यांना थंडाव्यासाठी दुहेरी भिंत, ओकच्या पिंपांची गार खोली. गाईड मुलगी शांतपणे समजावत होती: पांढऱ्या वाईनसाठी आधी रस काढून साल बाजूला करतात, लाल वाईन सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. सोव्हिन्यॉ ब्लां या पांढऱ्या वाईनचा घोट घेतल्यावर हिरव्या मिरचीचा आणि पेरूचा वास मला पहिल्यांदा वेगवेगळा ओळखता आला. तोडणी कधी असते हे तिने न विचारता सांगितलं आणि स्टॉम्पिंगसाठी जानेवारीनंतर या, असंही. नव्वदीच्या दशकाअखेर 'सुला' वायनरीचे संस्थापक राजीव सामंत यांनी इथे वाईनची द्राक्षं लावून दाखवली, मग कितीतरी शेतकऱ्यांनी त्यावर बागा उभ्या केल्या. 'नाशिक व्हॅली वाईन'ला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या सगळ्या मेहनतीच्या नावावर कुणी साखरेचं पाणी विकतो, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम गोठवण्याची शक्यता जास्त. ग्राहक म्हणून तक्रार 1915 वर होते. बेकायदा दारूविक्रीची तक्रार राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करा, आणि ती वेगळी करा, कारण पोलिसांना फक्त पैशांचं सांगितलं की बाटल्यांचा विषय बाजूला राहतो. व्यवहाराचे स्क्रीनशॉट, गाडीचा नंबर, शेडचा फोटो आणि बाटल्या जपून ठेवा. आम्हाला आगाऊ भरलेल्यातला एक हिस्सा परत मिळाला, बाकीचे पैसे अडकले आहेत.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नव्या नावाने आणि नव्या नंबरवरून एक जाहिरात आली. 'दिवाळी स्पेशल वाईन टूर, स्टॉम्पिंगसह', सोबत लगडलेल्या घडांचा फोटो. फोटोच्या कडेला तोच पत्र्याचा शेड आणि तेच निळे ड्रम दिसतात. दिवाळीत नाशिकच्या वाईनच्या वेलींवर पिकलेले घड नसतात. ही जाहिरात तुमच्याकडे आली तर पुढे पाठवू नका, स्क्रीनशॉट काढून उत्पादन शुल्क विभागाला द्या.