वायफाय कार्ड बदललं, काही महिने वापरलं. फरक कुठे पडला आणि कुठे नाही

लॅपटॉप एएमडी रायझन प्रोसेसरचा, बाकी धडधाकट. कार्ड मात्र एकाच अँटेनावर चालणारं, ४३३ एमबीपीएसचं वायफाय ५. आतल्या खोलीत गेलं की मीटिंगमध्ये आवाज तुटायचा. दिवाळीत त्या जागी इंटेलचं दोन अँटेनांचं एएक्स२१० बसवलं. आता उन्हाळा लागलाय, म्हणजे बोलायला हरकत नाही.

घेताना नंबर नीट वाचा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसतात तशीच, पण ती सीएनव्हीआय प्रकारची, म्हणजे वायफायचं काही काम इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटवर सोडणारी. इंटेलच्याच ठरावीक बोर्डांवर चालतात. एएमडीवाल्यांनी एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्यावं. काही जुन्या लॅपटॉपचं बायोस (लॅपटॉप सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) बाहेरचं कार्ड घेतच नाही, तेही आधी तपासा. आणि पैसे भरण्याआधी झाकण उघडून अँटेनाच्या वायरी मोजा. माझ्या लॅपटॉपमध्ये दुसरी वायर टोकाला प्लॅस्टिकची नळी घालून बॅटरीच्या कडेला चिकटवून ठेवलेली निघाली. ती नसती तर निम्मा फायदा तिथेच गेला असता.

कार्ड एका स्क्रूवर असतं. बॅटरीचा कनेक्टर आधी काढायचा. वेळ खातात ती वायरींची टोकं: एमएचएफ४ म्हणतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. बरोबर खुंटीवर टेकवून नखाने सरळ दाबलं की बारीकसं 'टक्' होतं. तिरकं दाबू नका, कडा चेपते. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या. कार्ड ओळखलं गेलं नाही तर नेट कुठून आणणार?

इंटरनेटचा वेग म्हणाल तर जवळपास तोच. प्लॅन १०० एमबीपीएसचा, कार्ड काय करणार! घरातल्या पीसीवरून फाइल ओढताना मात्र सेकंदाला तीसेक एमबी (मेगाबाइट) मिळायचे, ते राउटरच्या खोलीत ऐंशीच्या घरात गेले. आतल्या खोलीत तेवढे नाहीत, पण मीटिंग तुटत नाही. मला हवं होतं ते एवढंच. ब्लूटूथही याच कार्डावर असतं, त्यामुळे हेडफोन लावून स्वयंपाकघरात जाता येतं.

हे कार्ड ६ गिगाहर्ट्झचा नवा पट्टाही पकडतं, पण त्यासाठी तसा राउटर आणि विंडोज ११ लागतं. माझा राउटर वायफाय ६चा, त्यामुळे ती सोय पडूनच आहे. राउटरवर चॅनलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ लावून २४०२ एमबीपीएसचा आकडा बघितला. पण ५ गिगाहर्ट्झवर तेवढी रुंदी घ्यायची तर रडारसाठी राखलेले चॅनल वापरावे लागतात, आणि राउटर चालू झाला की निदान मिनिटभर रडार चाचपत बसतो. आमच्याकडे लाइट सारखी जाते. ८० वरच ठेवलंय.