शहर पुनरुज्जीवनाचं माहितीपत्रक बनवून घेतलं, डिझाइन सर्व्हिसचा अनुभव (पाचपैकी चार स्टार)

आमच्या भागातल्या जुन्या बाजारपेठेचं पुनरुज्जीवन सुरू होतंय, फुटपाथ रुंद करणं, नवीन ड्रेनेज, जुन्या इमारतींची डागडुजी असं बरंच काही, आणि त्याचं माहितीपत्रक रहिवासी आणि दुकानदारांना वाटायचं होतं. मी नागरिक समितीत आहे म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एका छोट्या स्टुडिओला दिलं, डिझाइन आणि प्रिंटिंग दोन्ही.

आवडलेली गोष्ट आधी सांगतो. आम्ही दिलेल्या मजकुरात मनोगत, उद्दिष्टं आणि एक मोठं संकल्पचित्र, झाडं बिडं लावलेलं, असं होतं. डिझायनर ताईंनी सगळं शांतपणे वाचलं आणि विचारलं, "ज्याचं तिथे दुकान आहे त्याला यात काय मिळणार? त्याच्या दारासमोर कधी खोदणार ते कुठे लिहिलंय?" खरं सांगतो, माझे पैसे तिथेच वसूल झाले. मग मनोगत चार ओळींवर आलं आणि पत्रक उघडलं की मधोमध नकाशा, कुठला रस्ता कुठल्या टप्प्यात, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, गाड्या कुठून वळवणार, तक्रार कुठे करायची. टप्प्यांना नुसते रंग नाही दिले, रेघा आणि ठिपके पण दिले, कारण लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांनाही समजलं पाहिजे आणि कुणी काळी-पांढरी झेरॉक्स काढली तरी नकाशा वाचता आला पाहिजे. हे मला कधीच सुचलं नसतं.

घडीचं कामही चोख. ए४ कागद म्हणजे २९७ मिमी, त्याचे सारखे तीन भाग नाही केले, १००, १०० आणि आत जाणारा ९७, म्हणून ते पान आत गेल्यावर चुरगळत नाही की फुगत नाही. आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो त्यांनी परत केले आणि ओरिजिनल मागितले, छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात आणि व्हॉट्सॲपवर फोटो बारीक होतात म्हणून.

एक स्टार कापला तो मराठीसाठी. पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेल्या नमुन्यात, कव्हरवरच "पुनरुज्जीवन" तुटलेलं, ज्ज च्या जागी पाय मोडका ज आणि शेजारी दुसरा ज, आणि आत सगळीकडे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर आलेली. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपीसाठीचं सेटिंग चालूच केलं नव्हतं. सेटिंग एका मिनिटाचं, पण मला तीनदा सांगावं लागलं, कारण त्यांच्याकडे मराठी वाचून तपासणारं कुणीच नव्हतं. प्रोजेक्टचं नावच चुकीचं छापलं तर आतल्या तारखांवर कोण विश्वास ठेवणार?

दुसरं म्हणजे क्यूआर कोड बरोब्बर घडीवर आला होता. पीडीएफमध्ये ते लक्षातच येत नाही, मी घरी प्रिंट काढून दुमडलं तेव्हा दिसलं, चार-पाचदा उघडझाप केल्यावर तिथली शाई उडाली आणि स्कॅन होईना. तो त्यांनी लगेच हलवला, काही कटकट नाही. पण स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापल्यावर मळकट येणार हे त्यांनी आधीच सांगायला हवं होतं, मी तो समितीत सगळ्यांना दाखवून बसलो होतो.

पुढच्या टप्प्याचं पत्रकही त्यांनाच देतोय. मराठी तपासायला माणूस मात्र आमचा असेल, आणि फायनल म्हणायच्या आधी कागदावर छापून, दुमडून, दोन दुकानदारांच्या हातात देणार.